चिमट्याचा दोष

ऑपरेशन थिएटरमधलं यंत्र कोकलायला लागलं की आधी त्याचं तोंड बंद करायचं, मग पेशंटच्या बोटाचा चिमटा नीट लावायचा. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा मदतनीस पंधरा वर्षं हेच करत आला होता. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा तो चिमटा दिवसातून दहादा निसटे, आणि दहाही वेळा दोष चिमट्याचाच निघे. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

अकराव्या वेळी लांडगा खरंच आला. सुतारकाकांच्या मेंदूतली गाठ काढण्यासाठी त्यांचं डोकं वळवलं आणि चादरीखाली श्वासाची नळी मुडपली. यंत्र ओरडलं. बाई इंजेक्शन भरत होत्या. "चिमटाच असेल," म्हणत मदतनिसाने आवाज बंद केला. हे बोट, ते बोट, मग कान. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली, तेव्हा कुठे सर्जन ओरडले, "रक्त काळं का दिसतंय?"

नळी सरळ केली. बाईंनी विचारलं, "किती वेळ गेला?"

"मिनिटभर," तो म्हणाला. बाईंनी तेच कागदावर लिहिलं.

आज तिसरा दिवस. घरी फोन वाजला तरी दचकून त्याचा हात बटण शोधायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण याचा ब्रह्मराक्षस तर वरच्या मजल्यावर खाटेवर निजला होता.

अतिदक्षता विभागाबाहेर सुतारकाकू फोनवर सुनेशी बोलत होत्या. "अगं, सकाळी डोळे उघडले त्यांनी! आणि डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजन मिनिटभरच कमी पडला. एवढ्यानं काय होतंय? पोहताना याहून जास्त वेळ बुडी मारायचे हे, आणि वर आले की माझ्यावरच पाणी उडवायचे." त्या चक्क हसल्या. मग याला बघून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही होतात ना आत? देवासारखे धावलात."

नोकरी जाईल, पोलीस येतील, लोक तोंडात शेण घालतील, हे तो तीन दिवस घोकत होता. पण काकू त्याच्या खोट्या मिनिटावर उभ्या आहेत हे आत्ता कळलं, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली.

"काकू, मिनिट नव्हतं ते. चार होती. आवाज मीच बंद केला होता."

काकूंनी फोन ठेवला. आता थोबाडीत बसणार म्हणून त्याने मान खाली घातली. बसली असती तर बरं झालं असतं. काकूंनी त्याचं मनगट धरलं.

"मला नका सांगू. आत चला, त्यांना सांगा."

काकांचे डोळे उघडे होते. "काका, चार मिनिटं गेली. चूक माझी आहे," तो कसाबसा म्हणाला.

काकू खाटेवर वाकल्या. "अहो, ऐकलंत का?"

थोडं थांबून त्यांनी आवाज चढवला. "अहो, हे भाऊ काय म्हणताहेत, ऐकलंत का?"

काका छताकडे बघत राहिले.