आकोसुआची पावडर

"भाऊ, फोन! तुमची घाना आली!" मयूर ओरडला, आणि रिक्षाखालून निवृत्ती असा काही सरपटत बाहेर आला की डोकं खाडकन सायलेन्सरला आपटलं, आणि तरी गडी हसतच होता.

देवळालीकडच्या द्वारकेच्या चौकामागं त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, एक शटर, पुढं पत्रा, आणि शेजारी मयूरचं स्पेअर पार्टचं दुकान. चौकातले हॉर्न दिवसभर नुसते अंगावर येतात, पण निवृत्ती तिथं असतोच कुठं! तो असतो कुमासीला. कुमासी म्हणजे तिकडं पश्चिम आफ्रिकेत, घाना देशातलं शहर. आपल्या इकडच्या रिक्षा जहाजातून तिकडं गेल्या, त्यांच्या मागोमाग त्या दुरुस्त करायला एका व्यापाऱ्यानं निवृत्तीला नेला, आणि तो परत आला तो निव्वळ अंगानं. बाकीचा तिकडंच राहिला.

फोनवर आकोसुआ होती, त्याच्या हाताखाली शिकलेली पोरगी. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं.

"मास्टर, जागा मिळाली! जुना लोखंडी कंटेनर आहे, आंब्याच्या झाडाखाली. रविवारी चर्च सुटलं की माझी पावडर. तुम्ही येताय ना?"

निवृत्तीनं हातातली चिंधी उगाचच पिळली. "या रविवारी कसं जमणार गं? पुढच्या वर्षी येतो. नक्की."

तिकडं एक कोंबडा आरवला.

"मास्टर," ती हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी पण तुम्ही असंच म्हणालात."

आता ही पावडर काय भानगड आहे, तर तिकडची रीतच तशी. काम शिकून झालं की सगळ्यांसमोर मास्टर शिकणाऱ्याच्या डोक्यावर पांढरी पावडर ओततो, आपण अंघोळ करून लावतो ना, तीच साधी, आणि म्हणतो, जा, आजपासून तू मोकळा. ती पडल्याशिवाय कितीही हात चालू दे, तुम्ही कायम दुसऱ्याच्या गॅरेजातले गडी. मेकॅनिक लोकांची संघटना पहिलं हेच विचारते, तुझा मास्टर कुठाय? आणि आकोसुआचा मास्टर द्वारकेत! तोवर ती दुसऱ्याच्या शेडमध्ये झाडू मारणार, आणि इंजिन उघडायची वेळ आली की तिथली पोरं म्हणणार, तू हो बाजूला.

त्या दिवशी निवृत्तीनं एका रिक्षाचा प्लग काढला आणि तसाच हातात घेऊन बसून राहिला. डोळ्यांसमोर लाल माती, आपल्या विटांच्या रंगाची. वाळवंटावरून येणारा तो वारा, ज्यात धूळ इतकी बारीक की सकाळी सगळं गाव दुधात बुडवल्यासारखं दिसायचं, आणि त्यातून माणसं एकेक करून उगवायची, डोक्यावर टोपल्या, पाठीवर लेकरं. लाइट गेली की सगळी गल्ली "ओऽऽ" करायची आणि आली की नाचायची. भाव तर असे पळायचे की भाताच्या टपरीवाली पाटीवरचा आकडा सकाळी लिहायची आणि दुपारी पुसायची. कॉलेज शिकलेला पोरगा सिग्नलला पाण्याच्या पिशव्या विकायचा, पण बूट कसे चकचकीत! आणि मयतालासुद्धा बँड, नवे कपडे, नाच. निवृत्तीला पहिल्यांदा वाटलं होतं, वरातच चाललीय, आणि तो पण नाचला होता दोन पावलं.

तिथं वारावरून नाव पडतं. आकोसुआ म्हणजे रविवारी जन्मलेली. "मास्टर, तुमचा वार कोणता?" सगळं गॅरेज मागं लागलं, आणि याला कुठं ठाऊक! त्यानं मालेगावकडं आईला फोन लावला. म्हातारी म्हणाली, "वार कोणले माहीत रे बाबा, बाजारना दिन व्हता!" गावचा बाजार शुक्रवारचा. शुक्रवारचा म्हणजे कोफी! झालं, निवृत्तीचा मास्टर कोफी झाला. मयूर अजून चिडवतो, "भाऊ, चहा घेणार का कोफी?"

आकोसुआची आई टोमॅटो विकायची. पोरीला घेऊन आली तेव्हा बाकीचे हसले होते. निवृत्तीनं काही न बोलता तिच्या हातात पाना दिला. ती शिकली, आणि त्याच्याकडून एक शब्दही शिकली. इंजिन नीट वाजायला लागलं की हा हात पुसून म्हणायचा, "झालं." पुढं सगळं गॅरेजच "झालं, झालं" करायला लागलं.

मग तिकडच्या पैशाची किंमत घसरत गेली, व्यापाऱ्यानं गाशा गुंडाळला, आणि निवृत्तीला घाईघाईत निघावं लागलं. हत्यारांची पेटी आकोसुआकडं ठेवून तो म्हणाला, "सांभाळ. आलोच."

त्या संध्याकाळी घरी बायको, लता, भाजी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "पावडर हातानंच टाकायची असते ना. मी गेल्याशिवाय कसं होणार?"

"अहो, पासपोर्टची मुदत संपलीय. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय तुम्ही देवळालीपर्यंत जात नाही. जायचंय का तुम्हाला खरंच?"

तो मेथीची एक काडी उचलून मोडत बसला.

"आपल्या वैष्णवीच्या लग्नात माझा भाऊ बॉर्डरवर होता. मामा पाठीशी उभा लागतो, तर मोबाईल धरला ना पोरीच्या मागं? मंगलाष्टकं थांबली का? लग्न लागलं का नाही?"

"लागलं."

"मग?" लतानं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्हाला तिकडं जायला काहीतरी बाकी पाहिजे म्हणून त्या लेकराला लटकवून ठेवलंय. रागावू नका. पण तसंच आहे ते."

तो रागावला नाही. खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि आकोसुआला फोन लावून म्हणाला, रविवारी फोनवरूनच टाकतो पावडर.

रविवारी संध्याकाळी, तिकडच्या दुपारी, त्यानं तिकडं शिवलेला शर्ट घातला. शर्टावर हे एवढे मोठे पोपट! बटण पोटावर लागेना. मयूर म्हणाला, "भाऊ, एक पोपट गुदमरतोय बघा," आणि मग निवृत्तीचा चेहरा बघून त्यानं गपचूप रिक्षाच्या सीटवर मोबाईल टेकवून दिला. लता पावडरचा नवा डबा घेऊन बाजूला उभी राहिली.

पडद्यावर आंब्याचं झाड, ढोल, पांढऱ्या झग्यात खुर्चीवर बसलेली आकोसुआ. मागं तिची आई डबा उघडून तयार.

"मास्टर, पेटीवर तुमचं नाव आहे. तुमच्या अक्षरात. ते राहू दे ना? तुम्ही याल तेव्हा..."

निवृत्तीला ती पेटी दिसली. निळी, कोपऱ्यात पोचा आलेली.

"खोड ते," तो म्हणाला. "तुझं लिही."

"आणि तुम्ही?"

"मी नाही येणार, आकोसुआ."

ढोल वाजतच होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली, डोकं पुढं केलं. तिच्या केसांच्या बारीक वेण्या पडद्यावर अगदी जवळ आल्या. लतानं त्याच्या तळव्यावर पावडर ओतली. ग्रीसनं काळी झालेली बोटं एकदम पांढरी. त्यानं हात मोबाईलवर धरला आणि हळूहळू मोकळा केला, आणि तिकडं आईनंही डबा उलटा केला.

पडदा पांढरा झाला. झाड गेलं, झगा गेला, नुसता गलका राहिला, आणि त्यातून तिचा आवाज, "मास्टर, म्हणा ना!"

त्यानं पोपटांच्या शर्टालाच हात पुसले.

"झालं," तो म्हणाला.

तिकडं सगळी गल्ली एका सुरात ओरडली, "झालंऽऽ!" आणि फोन कटला. लाइट गेली असेल.

मयूरनं चिंधी पुढं केली. "पुसू का, भाऊ?"

"राहू दे जरा."

चौकात हॉर्न वाजत होते. निवृत्ती सीटच्या कडेला बसून त्या पांढऱ्या पडद्याकडं बघत राहिला, धुळीच्या वाऱ्यातल्या सकाळी रस्त्याकडं बघायचा तसा, आता कोणीतरी उगवेल म्हणून.