चाळीस फेऱ्यांची बॅग

"अहो, साबण संपलाय!" बायको न्हाणीघरातून ओरडली.

कारकुनाने खुंटीवरची गाडीची किल्ली उचलली. "आणतो. ब्रशही झिजलाय, पण तो उद्या."

साबण इमारतीखालच्या दुकानात मिळत होता. अनवाणी गेला असता तरी पाय मळले नसते. पण दूरच्या मॉलने एक कार्ड दिलं होतं. दर फेरीला एक शिक्का, चाळीस शिक्के झाले की प्रवासाची बॅग फुकट. म्हणून या घरात यादी फोडायची रीत पडली. आज साबण, उद्या ब्रश, परवा मेणबत्त्या. एका फेरीत सगळं आणणारा तो मूर्ख! हसू नका मंडळी. आपापले खिसे तपासा, असं एखादं कार्ड तिथेही सापडेल.

मॉलच्या तळघरात गाड्या लावायची सोय होती. बाहेर पडायच्या वाटेवर काचेची एक खोपटी, तिच्यात चिठ्ठी घेऊन दांडा वर करणारी बाई. ती कारकुनाची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती तिथेच बसत होती. हा गाडीची काच चार बोटं खाली करायचा.

"ताई, सोड गं लवकर."

"आज काय नेतोयस?"

"साबण."

"एवढं धूड, आणि पाठीवर एक साबण! गाढवालासुद्धा लाज वाटेल रे."

हा हसायचा आणि काच वर करायचा. ताई खोकायची. ते बंद काचेतून ऐकू येत नसे.

त्या रविवारी चाळिसावा शिक्का बसला. लाल, चाकांची बॅग मागच्या सीटवर ऐटीत बसली. बाहेर पडायला ही रांग! सगळ्यांची इंजिनं चालू, आतला गारवा चालू, आणि त्याची किंमत म्हणून तळघरभर धूर. दांडा काही उठेना. कारकुनाने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मग मागच्यांनीही सुरू केलं.

पुढच्या गाडीतला माणूस उतरून ओरडला, "अहो, थांबा! बाई पडल्यात!"

कारकून धावला. खोपटीत टेबलाखाली ताई कोसळली होती. ओठ निळे. मुठीत कुणाची तरी चिठ्ठी. आणि मागे हॉर्न वाजतच होते!

दवाखान्यात तिचे कपडे न्यायला घरात दुसरी धड पिशवी सापडेना. लाल बॅग पहिल्यांदा भरली ती अशी.

"विडी, सिगारेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो," ताई म्हणाली. "फक्त नोकरी."

फुफ्फुसं आता आहेत त्याहून बरी होणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले. जिना चढायचा नाही. नोकरी तर विसराच.

भावजय तडकली. "ताई, त्या मॉलवाल्यांना कोर्टात खेचा!"

"खेचू की. धूर ओढणारे पंखे सहा महिने बंद आहेत, दोष त्यांचा आहेच. पण गाड्या काय मॉलच्या होत्या का गं?"

कारकून पुटपुटला, "माझ्या एका गाडीने असं काय होतंय?"

ताई धापा टाकत उठून बसली. "रांगेतला प्रत्येक जण हेच म्हणतो! सहा वर्षं धूर गिळला, तर काय गिळतेय ते वाचायला नको? माझ्या छातीत बसला तो चिमूटभर. त्यातला कार्बन डायऑक्साइड वर जातो. त्याला ना रंग ना वास. तो पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतो आणि पांघरूण घातल्यासारखी सगळी पृथ्वी तापवतो. तुझा साबण महिन्यात विरघळेल. तो आणायला सोडलेला धूर तुझ्या नातवंडांच्या डोक्यावर असेल!"

कारकुनाने तिच्या पाठीशी उशी सारली.

"ताई," तो म्हणाला, "पहिला हॉर्न मी वाजवला होता."

"माहीत आहे. तुझ्या गाडीचा हॉर्न मी ओळखते."

त्यापेक्षा तिने मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून घरात यादी एकच. जवळ मिळेल ते पायी, उरलेलं महिन्यातून एकदा बसने. किल्ली खुंटीवर धूळ खात पडली. शेजारी म्हणाले, कारकून कंजूष झाला. म्हणू देत!

ताईचा गणवेश परत करायला तो मॉलवर चालत गेला, तळघरात उतरला. खोपटीत नवी बाई होती, ताईहून तरुण. तिने न बघताच हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"गाडी नाही. चालत आलोय."

तिने मान वर केली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. "मग इथे कशाला आलात? वर जा," ती म्हणाली. "इथे हवा नाहीये."

मागे हॉर्न वाजला. तिने दांडा उचलला. गाडीत एक माणूस होता, शेजारच्या सीटवर टूथब्रश.

वाचकहो, त्या गाडीचा नंबर मी सांगणार नाही. तो तुमचाही असेल. साबणासाठी टनभर लोखंड पळवणं ही सोय नव्हे, तो गुन्हा आहे! यादी एकदाच करा, पायी जा, आणि गाडी काढावीच लागली तर काच पूर्ण खाली करा. आपण कुणाचा श्वास पिऊन चाललोय, त्या माणसाचं तोंड तरी बघा.