पातळ तेल

आमगावात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माझा पोरगा अश्विन गिअरच्या सायकलीनं चिचगडच्या जंगलात फिरायचा.

दिवाळीत म्हणाला, "बाबा, पुढचा शॉकअप दबूनच नाही राहिला, खड्ड्यात कडकच लागते." मी त्यातलं तेल काढून पातळ तेल भरलं. संक्रांतीला पुन्हा तेच. आणखी पातळ भरलं. होळीला मी खेकसलो, "सायकलीत काही खोट नाही, तुलेच चालवता नाही येत." तो नुसता हसला.

जड माणसाला घट्ट तेल, हलक्याला पातळ, हे गिऱ्हाइकांना मीच सांगायचो. घरचं पोरगं वाळत चाललं होतं, ते मला दिसलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

काल त्याची सायकल काढून मी वर बसलो. शॉकअप खाडकन तळाला टेकला.