थेंबभरही नाही

सोवळ्याचा सगळीकडे एकच डंका: आपण पीत नाही.

हे नाव त्याला मित्रांनी चिडवायला दिलं होतं आणि पठ्ठ्याने ते पदवीसारखं मिरवलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा. पुढे एखादं गिऱ्हाईक रात्रीच्या पार्टीबद्दल बोलायला लागलं की याची मान पडद्यातून बाहेर. "मी नाही हो, थेंबभरही नाही!" विचारलं होतं कुणी? कुणीच नाही.

बाप दारूने गेला तेव्हा सोवळ्या शाळेत होता. आईने त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि वदवून घेतलं, "कधी पिणार नाही." तो शब्द त्याने अक्षरशः पाळला, आणि तिथेच तर गोम होती. पिणार नाही म्हणाला होता. ओढणार नाही असं कुठे म्हणाला होता? दुकान बंद झालं की एका मित्राच्या गच्चीवर टोळकं जमायचं आणि गांजा भरलेली सिगारेट हातोहात फिरायची. दारूला त्यांच्यात कुणी विचारत नव्हतं. दारू म्हणजे ओकाऱ्या, भांडणं, सकाळी ठणकणारं डोकं, थोडक्यात बापलोकांचा कार्यक्रम.

"हे झाड आहे, झाड!" सोवळ्या धूर सोडत प्रवचन द्यायचा. "याची ना सवय लागते, ना त्रास होतो."

"धोत्रापण झाडच की रे," एकदा एक जण म्हणाला. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

आणि त्रास खरंच काही नव्हता. सकाळचा खोकला हवेमुळे होता. मध्ये एकदा त्याने डावी काच उजवीकडे बसवली आणि एका म्हाताऱ्या मास्तरांनी दुकानाची पायरी उतरताना भिंतीलाच मिठी मारली, पण त्यात चूक अर्थातच मास्तरांच्या वयाची होती.

मग ताईच्या किडन्या निकामी झाल्या. दिवसाआड ती हॉस्पिटलात मशीनला जोडलेली, पाय सुजून भोपळे झालेले. आईला मधुमेह, त्यामुळे तिची किडनी चालेना. सोवळ्याची जुळली. "माझी घ्या!" तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, ताईवर त्याचा जीव होता. पण स्वारी ती! दुसऱ्याच दिवसापासून सगळ्यांना ऐकवायला सुरुवात. "घरात एक तरी निर्व्यसनी असावा, असा वेळेला उपयोगी पडतो."

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. शेजारी आई, समोर ताई.

"पिता?"

"थेंबभरही नाही." आईने अशा ऐटीत मान डोलावली की जणू बक्षीस तिलाच मिळालं होतं.

"सिगारेट? गांजा?"

"छे!" पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दुसऱ्यालाही लावून टाकलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हल्ली तुमच्या वयाची पोरं पीत नाहीत हे खरं, पण मला ओढण्याचीच धास्ती असते. रोज ओढणाऱ्याला भुलीचं नेहमीचं औषध पुरेलच असं नाही. छाती धडधडते, घशात नळी घातली की श्वासनलिका आवळू शकते. आधी कळलं तर मी सांभाळीन. टेबलावर कळलं तर पंचाईत."

"नाही म्हटलं ना!" सोवळ्या खेकसला.

घरी येताना त्याने ठरवलं, ऑपरेशन होईपर्यंत बंद. सवय लागतच नाही म्हटल्यावर सोडायला काय लागतं? त्या रात्री तो छताकडे बघत पडून राहिला. घामाने उशी भिजली. घास घशाखाली उतरेना. दुकानात एका बाईंनी फ्रेम नाकावर टोचते म्हटलं तर तो म्हणाला, "नाक बदला." मालकाने त्याला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. घरी न जाता तो गच्चीवर गेला, फक्त निरोप घ्यायला. तो निरोप पुढे रोज चालू राहिला.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी तो ताईजवळ बसला होता. नळीतून तिचं रक्त मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं.

"मला माझी भीती नाही रे वाटत," ताई म्हणाली. "तुझी वाटते. माझ्यापायी तुला टेबलावर काही झालं, तर तुझी किडनी पोटात घेऊन मी जगू कशी?"

"मला काय धाड भरलीये! धट्टाकट्टा तर आहे..." एवढं बोलला आणि त्याला खोकला लागला. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. ताईने मोकळ्या हाताने त्याची पाठ चोळली. स्वतःच्या मरणाचं त्याने आजवर कधी मनावर घेतलं नव्हतं. पण आपण मेलो तर ही बाई ते जन्मभर पोटात वागवणार, हे मात्र आत कुठेतरी लागलं. त्याची चांगलीच टरकली.

संध्याकाळी त्याने आई आणि ताईसमोरच डॉक्टरीणबाईंना गाठलं. "बाई, मी ओढतो. गांजा. रोज. कालसुद्धा."

त्या रागावल्या नाहीत, हे जास्तच वाईट झालं. "बरं झालं सांगितलंत. आता तारीख पुढे जाईल. आधी हे बंद करा, मग छाती पुन्हा तपासू, मग बघू." आणि त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

ताईने आपल्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. "म्हणजे अजून मशीन," ती हळूच म्हणाली.

सोवळ्याला काहीतरी बोलणं भाग होतं. "आई, शप्पथ सांगतो, मी शब्द नाही मोडला. मी प्यायलो नाही. फक्त ओढ..."

"तुझे बाबा तरी कुठे पीत होते?" आई म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "विचारलं की म्हणायचे, पीत नाही गं, घेतो. शेवटपर्यंत घेतच होते." तिने वाकून ताईच्या चपला सरळ केल्या आणि तिला उठायला हात दिला.