माझा श्वास कोंडणारा रंग

साहेब, माझा गळा तुम्ही आवळलात. तोही 'जतन' अशी पाटी लावून!

मित्रांनो, मी एक जुना बंगला आहे, व्हिक्टोरियन धाटणीचा. टोकदार छप्पर, रंगीत काचांच्या खिडक्या, वळणाचा लाकडी जिना. मला बांधलं तेव्हा एका गवंड्याने चुना महिनाभर मुरवून माझ्या विटांवर चढवला. अशी भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात सोडून देते. दर दोन वर्षांनी मला पातळ चुन्याचा हात मिळायचा. आधी तो गवंडी, मग त्याचा मुलगा, नातू आणि शेवटी पणती. घरातली पोरं जिन्याच्या कठड्यावरून घसरत मोठी झाली, म्हातारी झाली. माझी वीट हलली नाही.

घरातलं शेवटचं माणूस गेलं, मी तुमच्या पालिकेच्या ताब्यात आलो आणि शहराची शान झालो. हार, भाषणं, फोटो. फोटो तुमचे हो, साहेब. मी नुसता मागे उभा.

बडे पाहुणे मला बघायला येणार होते, म्हणून तुम्हाला घाई. चुना कोण वाळवत बसणार? तुम्ही चकचकीत ऑइलपेंट मागवलात. गवंड्याची पणती शिडीवरूनच ओरडली, "साहेब, हा रंग नको! ओल आत अडकेल, भिंत कुजेल."

"बाई, तुम्ही थापी सांभाळा. कागद आम्ही सांभाळतो."

"मग पावसात कागदच धरा डोक्यावर!"

मजूर फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवसापासून तिला फाटक बंद.

दोनच पावसाळे झाले. रंगाला फुगे आलेत, आतला चुना पिठासारखा गळतोय, जिन्याची तुळई भिंतीत कुजतेय. परवा तुम्ही नाकाला रुमाल लावून आलात. म्हणालात, "वय झालं याचं. पाडावाच लागेल." 'जतन'च्या खाली 'धोकादायक' ठोकलंत. खिळे दोन्ही वेळा माझ्याच अंगात!

वय? सव्वाशे वर्षं मी ताठ उभा होतो. म्हातारा तुम्ही केलात मला, दोन वर्षांत.

काल चौकीदाराने तिला गुपचूप आत घेतलं. तिने भिंतीवर तळहात टेकला. "वाचेल हा, काका. रंग खरवडायचा, एक उन्हाळा मोकळा ठेवायचा, मग चुना. मी करते."

"अर्ज दे की, पोरी."

"तीन दिले. साहेबांना वाचायला सवड नाही."

मित्रांनो, जुनं काही जपायचं असेल, तर ज्या हातांनी ते जगवलं त्यांना आधी विचारा.

आणि साहेब, सोमवारी मला पाडणार आहात. तिचे तिन्ही अर्ज तुमच्या टेबलावर आहेत. तिला फाटक उघडणार की नाही? भाषण नको. सोमवारच्या आत, तुमच्या सहीने, हो की नाही एवढंच लिहा.