बाईंचा सातवा सूर

मी एक जुना पियानो आहे. उंचीला फार नाही, पण वजनाला असा की मला हलवताना चार माणसांना घाम फुटतो. माझ्या पोटात दोनशेहून जास्त तारा आहेत आणि प्रत्येक पट्टीमागे दाबलेल्या लोकरीचा मऊ नमदा चढवलेली एक छोटी हातोडी आहे. ज्या कारागिराने माझी शेवटची तार ताणली, तो मला थोपटून म्हणाला होता, "जा, आता कोणाच्या तरी घरी बोल."

मित्रांनो, मी बाईंच्या घरी बोललो. बाई ऑपेरात गात. म्हणजे ज्या नाटकात संवादसुद्धा गाऊनच म्हणतात, त्या नाटकात. वीस वर्षे त्यांनी नायिकांच्या भूमिका केल्या. पुढे त्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या. विद्यार्थी घरीही येत. कोणी चुकले की बाई माझी पट्टी दाबून म्हणत, "हा काय म्हणतोय ते आधी ऐक, मग तोंड उघड." मला तेव्हा सहाध्यापक झाल्यासारखे वाटे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी बाईंच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आतली गाठ काढून टाकली, पण एक स्वरतंतू लुळा पडला. बाई घरी आल्या तेव्हा त्यांचा आवाज जुना कागद फाटावा तसा येत होता. माझे झाकण बंद झाले. त्यावर आधी औषधे आली, मग इस्त्रीचे कपडे. ओल धरून माझ्या काही पट्ट्या अडकल्या.

एके दिवशी त्यांची लेक म्हणाली, "आई, हा विकून टाकू या का? बघून बघून तुला त्रासच होतो."

"त्याने माझं काय घोडं मारलंय?" बाई म्हणाल्या.

"अगं, पण डॉक्टर म्हणाले ना, तुला गाता येणार नाही."

"पूर्वीसारखं गाता येणार नाही म्हणाले. मी नीट ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी सूर लावणारे काका आले. त्यांनी आठवडाभर खपून मला बोलते केले. मग बाई रोज सकाळी माझ्यासमोर बसू लागल्या. एकच खालचा सूर, पाच मिनिटे. अर्धा श्वास वायाच जाई. एकदा त्यांनी रागाने झाकण असे आपटले की माझ्या सगळ्या तारा झणझणल्या. थोड्या वेळाने परत आल्या, झाकण उघडले आणि तोच सूर पुन्हा धरला. अकरा महिन्यांत सहा सूर जमले.

तेवढ्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आता ऑपेरा बसवत होती.

"बाई, एका म्हाताऱ्या दाईची भूमिका आहे. चारच ओळी आहेत. विचारायलाही संकोच वाटतो."

"सूर किती लागतील?"

"सात."

"माझ्याकडे सहा आहेत. सातवा कधीपर्यंत हवा?"

"प्रयोगाला दीड महिना आहे."

"मग चहा घे आणि नीघ. मला कामाला लागू दे."

त्या दीड महिन्यात बाईंनी माझी एक पट्टी किती वेळा दाबली, ते मोजता येणार नाही. चार दिवस उरले तेव्हा सातवा सूर लागला. बारीक, थोडा खरखरीत, पण जागेवर.

प्रयोगाला मला कोण नेणार? लेकीने घरी येऊन नवऱ्याला सांगितले ते मी ऐकले. "आईचा तो सूर थरथरला रे. पण तिने सोडला नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी श्वास रोखून धरला होता."

आता आमच्याकडे वेगळे विद्यार्थी येतात. शिकवून शिकवून आवाज बसलेल्या एक शिक्षिका आहेत, घशाच्या आजारातून उठलेला एक सुतार आहे. बाई त्यांना सांगतात, "गेलं त्याचं नंतर बघू. आहे ते काढ बाहेर."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे वाद्य मुके पडले असेल, तर त्याच्यावर सामान रचू नका. आणि एखादे माणूस गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ बसा. त्याचा पहिला सूर बेसूर लागेल. लागू द्या.