तेरानंतर एकोणीस

आमच्या अंजूला तेरापर्यंत आकडे येतात. तेरानंतर ती थेट एकोणिसावर उडी मारते, वीस म्हणते आणि स्वतःसाठीच टाळ्या वाजवते. साडेतीन वर्षांच्या पोरीला एवढं येतं याचंच मला कौतुक. मधले पाच आकडे शाळेत गेली की भेटतील, घाई काय, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या पाच आकड्यांवाचून भर देवळात माझी शोभा होईल हे मला कुठे ठाऊक!

पण आधी पट्ट्याचं सांगायला हवं.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. आम्ही राहुरीत राहतो. माझा नवरा नोहा कृषी विद्यापीठाच्या बियाणे गोदामात नोकरीला. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर मी उभी राहिले की काटा एक चक्कर मारून दमल्यासारखा थांबायचा, म्हणून नोहाने मला एका रविवारी गोदामातल्या मोठ्या काट्यावर नेलं. आधी सोयाबीनची दोन पोती उतरली, मग मी चढले. नोहाने आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला नाही. नुसतं म्हणाला, "उतर." पोत्यांचा मात्र मोठ्याने सांगितला होता.

एवढं झालं तरी मी हसत होते. जाड बाईला हसण्याची सवय असावी लागते, नाहीतर दुसरे हसायला मोकळे होतात. हसू गेलं ते वेगळ्याच दिवशी.

आमच्या घरामागे जरा अंतरावर मुळा धरणाचा कालवा आहे. जानेवारीत एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि अंजू, तेव्हा तीनची, बकरीच्या पिल्लामागे धावत सुटली. पिल्लू कालव्याकडे, अंजू पिल्लामागे. मी हाक मारली. मग मी पळाले. म्हणजे मला वाटलं मी पळाले. पंधरा-वीस पावलांत श्वास संपला, गुडघे थांबले आणि मी होते तिथे उभी राहिले. पाणी भरून चाललं होतं. काठावर धुणं धूत असलेल्या लंकाबाईने साबणाच्या हाताने अंजूचा फ्रॉक मागून धरला. तिने पोर माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाली, "आवं ताई, हाक मारून लेकरू थांबतंय व्हय? पळायचं हुतं."

पळायचं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. नोहाला सांगितलं, तेही तीन दिवसांनी.

माझा भाऊ पंकज मुंबईत एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. तिथल्या डॉक्टरांनी परदेशातून एक नवी विद्या शिकून आणली होती. जठराच्या वरच्या टोकाला रबरी पट्टा बसवायचा, की वर छोटीशी वाटी तयार होते. ती भरली की पोट भरलं. पट्ट्याची नळी कातडीखालच्या एका चकतीला जोडलेली असते. चकतीत सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. पंकजने सगळं जमवून आणलं आणि मे महिन्यात माझ्या पोटात पट्टा बसला.

सासूबाईंना आम्ही सांगितलं, पित्ताचे खडे काढले.

खोटं बोलण्याचं कारण सांगते. मी नववीत असताना माझी आई गेली. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी माझ्या ताटात रस्सा वाढला आणि पळी हातात तशीच धरून विचारलं, "अजून, दीपा?" कितीतरी वर्षांत मला कुणी 'अजून' विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यानंतर सात वर्षं मी हो म्हणत आले. पस्तीस वर्षं शाळेत मास्तरीण असलेल्या एलिझाबेथबाई प्रेमाचे शब्द बोलत नाहीत, वाढतात. आता त्यांना काय सांगू, तुम्ही वाढलेलं बाहेरच थांबावं म्हणून मी पोटालाच पट्टा बांधून घेतला? त्यांचं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं.

पहिले काही दिवस पातळावर गेले. मग पट्टा असूनही मला नेहमीसारखी भूक लागायला लागली. पट्टा सैलच ठेवलेला असतो, आतलं सगळं बरं झाल्यावरच पाणी भरतात, हे पंकजने दहादा सांगितलं होतं. पण मी एका दुपारी दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत संपवलं आणि पट्ट्याला हरवल्याचा मला जरा आनंदच झाला. मग रडले. असा माझा निग्रह.

सहा आठवड्यांनी, एका शुक्रवारी, पहिल्यांदा पाणी भरायला मुंबईला गेले. मी मनात मोठी तयारी केली होती. वाटलं होतं, आत जाईन ती एक बाई आणि बाहेर येईन ती दुसरीच. डॉक्टरांनी मला आडवं केलं, चकती चाचपली, सुई टोचली. रक्त तपासायला टोचतात तेवढंच दुखलं. लहान मुलाच्या औषधाएवढं मिठाचं पाणी आत गेलं. मग उठवून बसवलं आणि पेलाभर पाणी घोट-घोट प्यायला लावलं. उतरलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"मला काही वाटत नाही."

"नाहीच वाटणार. पहिल्यांदा थोडंच भरतो. एकदा भरून कुणाचंच भागत नाही, पाच-सहा आठवड्यांनी परत या. आज नि उद्या-परवा फक्त पातळ. मग तीन दिवस मऊ, कुस्करलेलं. मग नेहमीचं, पण घास करंगळीच्या नखाएवढा आणि वीस वेळा चावलेला. जेवताना पाणी नाही. अडकलं तर खाणं थांबवायचं, उभं राहायचं, वरून काही ओतायचं नाही. थुंकीसुद्धा गिळता येईना किंवा आडवं पडल्यावर खोकला येऊ लागला तर लगेच फोन करा, पाणी थोडं काढून घेऊ."

"आणि पाव?"

"पाव विसरा."

पाव विसरायला मला काही अडचण नव्हती. वीस वेळा चावण्याचा सराव मी पंकजच्या सांगण्यावरून आधीपासूनच करत होते. अंजूला मोजायला बसवायचे, म्हणजे तिचे आकडेही पक्के होतील. केवढी हुशार मी! ती म्हणायची, "अकरा, बारा, तेरा, एकोणीस, वीस!" आणि मी गिळायचे. दोघी टाळ्या वाजवायचो. डॉक्टरांच्या विसातले पाच कुठे गेले, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आकडेमोडीत मी आईवरच गेले आहे असं अंजू पुढे म्हणेल.

शनिवारी परत आले आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकताच मला आठवलं. सासूबाई पाटावर बसून मोठा पाव कापत होत्या. उद्या महिन्याचा पहिला रविवार. देवळात प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी पाव नि द्राक्षरस घ्यायचा.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाचा पाव सासूबाईच कापतात. दुसरीकडे म्हणे दाताखाली सापडणार नाही एवढा तुकडा देतात. सासूबाईंचं म्हणणं, देवाच्या मेजावर चिमूट-चिमूट कशाला? त्यांचे चौकोन चांगले कॅरमच्या सोंगटीएवढे.

घ्यायचं नाही, असं करता आलं असतं. पण आमच्याकडे रिवाज असा, की ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्याने आधी ते मिटवावं आणि मगच प्रभूच्या मेजाशी यावं. त्यामुळे एखादी बाई पावाचं तबक तसंच पुढे सरकवते तेव्हा सगळे बाक अंदाज बांधायला लागतात, हिचं कुणाशी? आणि सुनेने सरकवलं तर अंदाज बांधायचीसुद्धा गरज नाही. पाव सासूने कापलेला. मी ठरवलं, एवढासा तर तुकडा. चावू, चांगला वीस वेळा.

रविवारी मी खिडकीजवळच्या बाकावर बसले. एका बाजूला अंजू, पलीकडे सासूबाई. मागच्या बाकावर महिला मंडळाच्या आक्काबाई, ज्यांच्या नजरेतून अजून कुणी सुटलेलं नाही. पाळकसाहेबांनी नेहमीचा इशारा दिला, मनात काही लपवून हा तुकडा खाणाऱ्याने आधी स्वतःला तपासावं. मला तो इशारा पोटाला लागला. तबक आलं. मी सगळ्यात लहान तुकडा शोधला. सासूबाईंच्या तबकात लहान तुकडा नसतो.

सगळ्यांनी एकदम तोंडात घातला. शांतता पसरली. पंखा कुरकुरत होता. आणि अंजूने माझ्या जबड्याकडे बघितलं.

"एक," ती म्हणाली.

मी डोळे मोठे केले. तिला वाटलं, शाबासकी.

"दोन. तीन. चार."

पुढच्या बाकावरच्या दोन माना वळल्या. मी चावणं थांबवावं तर तुकडा तसाच. सुरू ठेवावं तर आकडे सुरू. सासूबाई समोर बघत होत्या, पण त्यांचा कान लाल झाला होता.

"अकरा! बारा! तेरा!" आता मागून कुणीतरी हसू दाबलं. "एकोणीस! वीस!"

आणि मी सवयीने गिळला.

तुकडा उतरला आणि छातीच्या मधल्या हाडामागे येऊन बसला. कुणीतरी आतून अंगठा दाबून धरावा तसं. तोंडात पाणी सुटलं, डोळ्यांतही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, फक्त उलट्या क्रमाने. तेवढ्यात द्राक्षरसाचे छोटे पेले आले. वाटलं, घोटभर घेतला की जाईल खाली. घेतला. मग खाली जायला जागाच उरली नाही.

मी उठले आणि पळाले. दोन बाकांमधून, पाळकसाहेबांच्या डोळ्यांसमोरून, दाराबाहेर, थेट मागच्या लिंबाच्या झाडापर्यंत. पळता येत नाही म्हणून ज्या बाईने ऑपरेशन करून घेतलं, ती अशी पळाली.

झाडाखाली उभी राहिले. दोनतीन उचक्या लागल्या आणि तुकडा मुकाट्याने परत आला. मी तो रुमालात धरला आणि मला कळेना, आता याचं काय करू? साधा पाव असता तर कावळ्याला टाकला असता.

"काय झालं गं?" आक्काबाई धापा टाकत पोचल्या होत्या. मागून अंजू, तिच्यामागून सासूबाई. "पोटात पाप ठिवून घेतलं का काय? खरं सांग. आसं न्हाई हुत कुणाला."

उत्तर अंजूने दिलं. "पाप नाही. मम्मीच्या पोटात पट्टा आहे. आपल्या टायगरच्या गळ्यात आहे तसा. कुणाला सांगायचं नाही."

आक्काबाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आक्काबाई, तुम्ही आत बसा. शेवटचं गीत राहिलंय." आक्काबाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून आत गेल्या.

"पित्ताचे खडे?" सासूबाई मला म्हणाल्या.

मी मान हलवली. पट्टा, सुई, पातळ, मऊ, सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं जेवण नको म्हणून."

"नाही, आई."

"सात वर्षं मी वाढतेय. एकदा नको म्हणाली असतीस तर मी काय मारलं असतं तुला? मुंबईपर्यंत जाऊन पोट बांधून आलीस, पण जीभ नाही उचलली."

"तुम्ही 'अजून' विचारायचं थांबवलं असतं," मी म्हटलं आणि ते म्हणता-म्हणताच मला रडू आलं. मग कालवा सांगितला. पिल्लू, फ्रॉक, माझे थांबलेले पाय. सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

आत गीत सुरू झालं. सासूबाईंनी माझ्या हातातला रुमाल घेतला, झाडाच्या मुळाशी वाकल्या, हाताने माती उकरली, तुकडा ठेवला आणि वर माती सारखी केली. लुगड्याला हात पुसत विचारलं, "धरलं कुणी?"

"लंकाबाईनं."

घरी आल्यावर त्यांनी मला वाटीभर वरणाचं पाणी दिलं आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग रविवारच्या रश्श्यातला माझा वाटा, नळीच्या हाडासकट, डब्यात भरला. "चल. दाखव मला कुठे ते."

कालव्यावर लंकाबाई धुणं पिळत होती. सासूबाईंनी डबा तिच्यापुढे ठेवला. "हा हिचा वाटा. दर रविवारी तुझा."

लंकाबाईने झाकण उघडून वास घेतला. "आन् ताई काय खानार?"

"ताई चावणार," सासूबाई म्हणाल्या. "वीस वेळा. तेही मी मोजणार, या पोरीच्या भरवशावर नाही." आणि अंजूकडे वळून, "तेरानंतर काय गं?"

"एकोणीस."

"एकोणीस कसे? चौदा! कुणी शिकवलं तुला?"

अंजूने माझ्याकडे बोट दाखवलं आणि धडा नको म्हणून सुटली बांधावरून पळत. पाण्याच्या बाजूनेच. मी सवयीने हाक मारायला तोंड उघडलं.

"हाक काय मारतेस?" सासूबाई ओरडल्या. "पळ!"

मी पळाले. सकाळचं छातीत अजून दुखत होतं, चपला कुठेतरी मागे राहिल्या. मागून सासूबाई मोजत होत्या, वर्गात पाढे म्हणून घेतात तशा, एकही आकडा न गाळता. दहाला श्वास लागला. तेराला गुडघे म्हणाले, पुरे. चौदा, पंधरा, सोळा. सतराला माझ्या मुठीत फ्रॉकची झालर आली.

खरं सांगायचं तर अंजू आधीच थांबली होती, बेडूक बघायला. पण ते सासूबाईंना लांबून दिसलं नाही आणि मी अजून सांगितलेलं नाही.